आत्महत्या प्रतिबंधाचे प्रशिक्षण : मदतीचा हात खरोखर पुढे येतो का?

दरवर्षी १० सप्टेंबर हा दिवस जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. २००३ साली सुरू झालेल्या या दिनाच्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत, रुग्णालयांत आणि अनेक धर्मग्रामांतही व्याख्याने व कार्यशाळा होतात. तज्ज्ञ येतात, धोक्याची लक्षणे समजावून सांगतात, उपस्थित मंडळी टिपणे घेतात, आभारप्रदर्शन होते आणि चहा घेऊन सारे घरी परततात. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु त्यानंतर काय घडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सभागृहात बसलेल्यांपैकी किती जण पुढील वर्षभरात एखाद्या खचलेल्या माणसाजवळ थांबले? किती जणांनी त्याला तो अवघड प्रश्न विचारला? आणि विचारल्यामुळे त्या माणसाच्या आयुष्यात काही पालट झाला का?

पोप लिओ चौदावे यांनी नोव्हेंबर २०२५ या महिन्यासाठी आत्महत्या प्रतिबंध हाच प्रार्थनेचा हेतू जगभरातील ख्रिस्तसभेपुढे ठेवला होता. जीवन संपवण्याच्या विचारांशी झुंजणाऱ्यांना आपल्या समूहातच आधार मिळावा, हा त्या प्रार्थनेचा गाभा होता. समूहाने आधार द्यावा असे आपण देवाकडे मागत असू, तर आधार देण्याची शिकवण समूहाला कशी द्यावी आणि ती दिल्याने नेमके काय साधते, हे समजून घेणे आपले कर्तव्य ठरते. या प्रश्नावर गेल्या काही दशकांत जगभर गंभीर संशोधन झाले आहे. त्यातून मिळालेली उत्तरे काही अंशी दिलासा देणारी, तर काही अंशी आपल्याला विचार करायला लावणारी आहेत.

चिन्हे प्रथम कोणाला दिसतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी २२,७४६ जण महाराष्ट्रातील होते. त्या वर्षी सर्व राज्यांत हा आकडा सर्वाधिक होता. नोंदवलेल्या कारणांमध्ये कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के व आजारपण १८.४ टक्के होते. अर्थात, असा मृत्यू एका कारणाने होत नसतो. नोंदवहीत जे एक कारण लिहिले जाते, त्यामागे बहुधा अनेक दुःखांची गुंतागुंत असते. तरीही या आकड्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते : हे दुःख घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी आणि आजारी माणसाच्या खाटेवर वाढते. मानसोपचारतज्ज्ञाच्या दालनापर्यंत ते पुष्कळदा पोहोचतच नाही.

म्हणूनच धोक्याची चिन्हे प्रथम दिसतात ती डॉक्टरांना नव्हे, तर आपल्यासारख्यांना. "माझे ओझे आता कोणावर नको," "मी नसलो तरी कोणाचे काय अडणार आहे," "एकदाचे सारे सुटेल," असे उद्गार सहज बोलण्यात येतात. नेहमी मिस्साला येणारी व्यक्ती येईनाशी होते. एखादा तरुण आपल्या आवडीच्या वस्तू मित्रांना वाटून टाकतो. कर्जाने बेजार झालेला गृहस्थ अचानक निरवानिरवीची भाषा करू लागतो. झोप उडते, व्यसन वाढते, राग अनावर होतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक मृत्यूपूर्वी अशी चिन्हे दिसतातच असे नाही, आणि दिसली तरी त्या वेळी त्यांचा अर्थ लागतोच असेही नाही. ज्या कुटुंबावर हा आघात झाला आहे, त्याला "तुम्हाला कळले कसे नाही?" असे विचारणे हा क्रूरपणा आहे. प्रशिक्षणाचा हेतू गेलेल्या काळाचा हिशेब मागणे हा नसून, पुढच्या वेळी कोणीतरी जवळ असावे, हा आहे.

'द्वारपाल' ही कल्पना

या प्रशिक्षणाला इंग्रजीत जे नाव रूढ आहे त्याचा अर्थ 'द्वारपाल' असा होतो. येथील द्वारपाल कोणाला अडवत नाही; तो दार उघडून देतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील द्वारपाल जसा मेंढपाळासाठी दार उघडतो, तसा हा द्वारपाल संकटात सापडलेल्या माणसासाठी उपचाराचे व आधाराचे दार उघडतो. तो स्वतः उपचार करत नाही.

अशा प्रशिक्षणाचे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला 'क्यूपीआर' या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी १९९० च्या दशकात तो तयार केला. प्रश्न विचारणे, मदत घेण्यास मन वळवणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे, अशा त्याच्या तीन पायऱ्या असून तो दीड-दोन तासांत शिकवला जातो. दुसरा 'असिस्ट'. कॅनडातील कॅलगरी येथे १९८३ च्या सुमारास त्याचा आरंभ झाला. तो दोन दिवस चालतो आणि त्यात प्रत्यक्ष संभाषणाच्या सरावावर भर असतो.

सामान्य माणसाने सामान्य माणसाला सावरावे, या विचाराला एका धर्मगुरूच्या अनुभवाचाही आधार आहे. १९५३ साली लंडनमधील अँग्लिकन धर्मगुरू चॅड व्हारा यांनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' या नावाने जगाला परिचित झाली. भेटीसाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा थांबलेल्या लोकांना चहा देण्यासाठी व सोबत करण्यासाठी काही स्वयंसेवक येऊ लागले. लवकरच व्हारा यांच्या लक्षात आले की, या स्वयंसेवकांशी मनमोकळे बोलून अनेक जण समाधानाने परत जात, त्यांना धर्मगुरूंची भेट घेण्याची गरजच उरत नसे. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावरून पडलेले ते नाव अशा प्रकारे सार्थ ठरले.

प्रशिक्षणाने काय निश्चित बदलते?

पहिली गोष्ट म्हणजे ज्ञान. याबाबत संशोधकांत फारसे मतभेद नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांना चिन्हे अधिक ओळखता येतात, गैरसमज कमी होतात आणि 'मी काहीतरी करू शकेन' हा आत्मविश्वास वाढतो.

गैरसमजांमध्ये सर्वांत घट्ट रुतलेला गैरसमज असा की, आत्महत्येविषयी विचारले तर नसलेला विचार मनात येईल. अनेक पालक, शिक्षक व धर्मगुरू याच भीतीने गप्प राहतात. ही भीती निराधार असल्याचे पुन:पुन्हा दिसून आले आहे. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले गेले, त्यांचा मानसिक त्रास किंवा तसे विचार इतरांपेक्षा वाढलेले आढळले नाहीत. २०१४ साली १३ संशोधनांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांपैकी एकातही असे विचार लक्षणीयरीत्या वाढल्याचे दिसले नाही. उलट, कोणीतरी उघडपणे विचारले यानेच पुष्कळांच्या मनावरचे दडपण हलके होते.

एवढा एक गैरसमज दूर झाला तरी कार्यशाळेचे श्रम वाया गेले नाहीत, असे म्हणता येईल. परंतु ज्ञान होणे आणि कृती घडणे यांत अंतर असते, हे आपण धर्मजीवनातही अनुभवतो. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक व लेवी यांना शेजारधर्माचा नियम ठाऊक नव्हता असे नाही.

ज्ञान वाढले, कृतीचे काय?

या अंतराचे मोजमाप करणारा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ३२ शाळांत झाला व २००८ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांतील कर्मचाऱ्यांना आधी 'क्यूपीआर' प्रशिक्षण दिले गेले, इतर शाळांना नंतर. निवड चिठ्ठ्या टाकावी तशी करण्यात आली होती. वर्षभरानंतर पाहिले असता प्रशिक्षितांचे ज्ञान व आत्मविश्वास वाढलेला होता. परंतु विद्यार्थ्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रत्यक्ष विचारण्याचे प्रमाण प्रामुख्याने अशाच कर्मचाऱ्यांत वाढले, जे पूर्वीपासूनच मुलांशी त्यांच्या दुःखाविषयी बोलत असत. ज्यांच्याकडे मुले कधी मन मोकळे करतच नव्हती, त्यांचे वागणे केवळ प्रशिक्षणाने बदलले नाही. याच अभ्यासातून दुसरीही गोष्ट पुढे आली. ज्या मुलांनी पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, ती मुले मोठ्या माणसांकडे मदत मागण्यास इतरांपेक्षा कमी तयार होती. ज्यांना सर्वाधिक गरज, तेच सर्वाधिक दूर, असा हा पेच आहे.

यातून निघणारा बोध सरळ आहे. प्रशिक्षण नाते निर्माण करत नाही. असलेल्या नात्याला ते धैर्य व शब्द देते.

शब्द देण्याचा मार्गही महत्त्वाचा आहे. केवळ व्याख्यान ऐकणे आणि प्रसंग उभा करून तोंडाने प्रश्न विचारण्याची तालीम करणे, यांची तुलना २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात करण्यात आली. दोन्ही गटांचे ज्ञान वाढले, पण रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीसमोर बसवून पाहिले तेव्हा तालीम केलेल्यांचे कौशल्य सरस ठरले. काही महिन्यांनंतर मात्र दोन्ही गटांचे कौशल्य उतरले होते, जरी तालीम केलेले तेव्हाही पुढेच होते. गायनवृंदातील कोणालाही हे नवीन वाटणार नाही. नाताळची गीते गेल्या वर्षी उत्तम झाली म्हणून यंदा सराव नको, असे कोणताही वृंदप्रमुख म्हणत नाही.

समोरच्या माणसाला काय मिळते?

मदत करणाऱ्यात झालेला बदल मोजणे सोपे. ज्याला मदत मिळाली त्याच्यात काय बदल झाला हे मोजणे कठीण. तरीही तसे प्रयत्न झाले आहेत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध दूरध्वनी सेवेच्या १७ केंद्रांतील १,५०७ संभाषणे संशोधकांनी ऐकली. त्यांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. 'असिस्ट' प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवक व समुपदेशकांशी बोललेल्या व्यक्ती संभाषणाच्या अखेरीस कमी निराश, कमी भांबावलेल्या व अधिक आशावादी जाणवल्या, त्यांच्यातील मरणाचे विचारही ओसरल्याचे दिसले. हे कशामुळे घडले? प्रशिक्षितांनी धोक्याची प्रश्नावली इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे भरून घेतली, असे नव्हते. जगण्याची कोणती कारणे अजून मनात शिल्लक आहेत, मरावे की जगावे याविषयी मनात कशी घालमेल आहे, जवळचे असे कोण आहे, या गोष्टींविषयी ते अधिक बोलले. मरू इच्छिणाऱ्या माणसाच्या मनाचा एक कोपरा बहुधा जगू इच्छित असतो. त्या कोपऱ्याशी बोलणे त्यांना साधले होते.

सगळीकडे मात्र असे यश आले नाही. युरोपातील १० देशांतल्या १६८ शाळांमध्ये ११,११० विद्यार्थ्यांना घेऊन झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत शिक्षकांना द्वारपाल-प्रशिक्षण दिले, तर काही शाळांत विद्यार्थ्यांनाच सुमारे पाच तासांचा कार्यक्रम दिला. त्यात मनाचे आरोग्य, ताण, मित्राला मदत कशी करावी यांवर चर्चा व प्रसंगनाट्य होते. वर्षभरानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विद्यार्थ्यांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाचा मात्र आढळला : ज्या शाळांत केवळ माहितीफलक लावले होते तेथे १.५१ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता; कार्यक्रम झालेल्या शाळांत हे प्रमाण ०.७० टक्के होते. मुले आपले गुपित प्रथम मुलांनाच सांगतात, हे लक्षात घेतले तर याचे नवल वाटत नाही.

अमेरिकेत 'गॅरेट ली स्मिथ' कायद्यान्वये २००४ पासून तरुणांतील आत्महत्या रोखण्यासाठी राज्यांना निधी मिळू लागला. हा कायदा ज्याच्या नावाने झाला, तो एका सिनेटरचा मुलगा. २००३ साली त्याने आपले जीवन संपवले होते. या निधीतून ज्या जिल्ह्यांत प्रशिक्षणे व अन्य उपक्रम झाले, तेथे पुढील वर्षी तरुणांच्या आत्महत्या लाखामागे सुमारे १.३ ने कमी झाल्याचे २०१५ च्या एका अभ्यासात दिसले. मात्र त्यानंतर तो लाभ टिकलेला दिसला नाही. २०१९ साली आलेल्या पुढील अभ्यासात, जेथे हे काम सलग काही वर्षे चालले तेथे, आणि विशेषतः ग्रामीण भागात, अधिक लाभ आढळला. एकदाच केलेल्या कार्यशाळेची आणि चालू राहिलेल्या कार्याची ही तुलना बोलकी आहे.

आणखी एका अनुभवाकडे डोळेझाक करू नये. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील आदिवासी समाजात अवघ्या ५५ जणांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'असिस्ट' प्रशिक्षणाने मदतीचे कौशल्य वाढल्याचे दिसले नाही. इतकेच नव्हे, तर प्रशिक्षितांपैकी काहींच्याच मनात तसे विचार वाढल्याची शंका संशोधकांना आली. संख्या लहान असल्याने यावरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु ज्या समाजाने अनेक जिवलग गमावले आहेत, तेथे मदतीला उभा राहणाराही जखमी असू शकतो, ही जाणीव त्यातून घ्यायला हवी.

आपल्या भूमीतील अनुभव

हे सारे परदेशांतील झाले. आपल्याकडे तज्ज्ञ कमी व अंतरे मोठी; तेव्हा गावातल्या माणसांवर येथे अधिकच भिस्त असते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवण्यात आला व त्याचे मूल्यमापन २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातीलच कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवण्यात आले, गावसभा झाल्या आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचवण्याची साखळी उभी करण्यात आली. नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी पूर्वी केवळ ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नव्हती, म्हणून साऱ्या बदलाचे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही. तरी कार्यकर्ता, समुपदेशक व डॉक्टर ही साखळी जोडली गेल्याने लोक मदतीपर्यंत पोहोचू लागले, हे उघड आहे.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात सुरू झालेला आणि पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात विस्तारलेला 'आत्मीयता' हा उपक्रमही असाच. त्यात काही गावकरी खचलेल्या व्यक्ती ओळखतात, तर काही अधिक प्रशिक्षित गावकरी त्यांना अनेकदा भेटून बोलतात आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यासही हातभार लावतात. दुःखाला विवंचनेची जोड असते, तेव्हा सांत्वनाइतकीच शिधापत्रिकेची व निवृत्तिवेतनाची मदत मोलाची ठरते.

पाठपुराव्याचे मोल दाखवणारा सर्वांत बोलका पुरावा जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील अभ्यासात सापडतो. त्यात आपले चेन्नईही होते. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींपैकी एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याखेरीज सुमारे तासभराचे मार्गदर्शन आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोन वा भेट, एवढीच जास्तीची मदत मिळाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात पहिल्या गटातील २.२ टक्के व्यक्ती आत्महत्येने दगावल्या, तर दुसऱ्या गटातील ०.२ टक्के. "कसे आहात?" असे पुन्हा विचारायला कोणीतरी येणार आहे, या आश्वासनात केवढे सामर्थ्य आहे!

ख्रिस्तसभेची दृष्टी

पवित्र शास्त्रात मरण मागणारी माणसे आहेत आणि त्यांना सावरणारेही आहेत. एलिया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला स्पर्श करून उठवतो, भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा येतो. प्रेषितांच्या कृत्यांतील सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाधिकारी कैदी पळाले या समजाने स्वतःचा जीव घ्यायला निघतो. पौल मोठ्याने हाक मारून त्याला थांबवतो आणि सारे कैदी जागेवरच असल्याचे सांगून धीर देतो. वेळेवर हाक मारणे आणि 'आम्ही जवळ आहोत' हे कळवणे, एवढेच पौल त्या क्षणी करतो. याउलट पश्चात्तापाने पोळलेला यहूदा मुख्य याजकांकडे जातो, तेव्हा ते त्याचे दुःख झिडकारून टाकतात. दार बंद करणाऱ्यांचे हे चित्र आपल्यालाही आत्मपरीक्षण करायला लावते.

ख्रिस्तसभा जीवनाला देवाची देणगी मानते व आत्महत्या ही त्या देणगीविरुद्धची गंभीर बाब समजते. परंतु १९९२ च्या श्रद्धाग्रंथात हेही स्पष्ट केले आहे की, तीव्र मानसिक विकार, यातना वा भय यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आशा सोडू नये. १९१७ च्या कॅनन कायद्यात, जाणूनबुजून जीव देणाऱ्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद नाही. तरीही दफनविधीच्या वेळी होणारी कुजबुज काही ठिकाणी थांबलेली नाही. ज्या धर्मग्रामात मृताविषयी कुजबुज होते, तेथे जिवंत माणूस आपले विचार बोलून दाखवण्यास धजावणार नाही.

देशाचा कायदाही बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या देखभालीची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचा अपवाद वगळता, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिलेला नाही. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण आता उरलेले नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

वरील अनुभवांच्या आधारे काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. योग्य माणसे निवडावीत. पदाधिकाऱ्यांची यादी पुढे करण्याऐवजी, लोक आधीच ज्यांच्याजवळ मन मोकळे करतात अशा व्यक्तींना प्रशिक्षणाला पाठवावे. छोट्या ख्रिस्ती समूहातील एखादी मावशी, घरोघरी आजाऱ्यांना कम्युनियन देणारे सेवक, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद, मुलांचे लाडके क्रीडाशिक्षक हे खरे द्वारपाल होत.

२. युवकांना वगळू नये. युवा संघटनेतील मुला-मुलींना मित्राचे ऐकणे आणि 'कोणाला सांगू नकोस' ही शपथ अशा वेळी मोडणे, या दोन्ही गोष्टी शिकवाव्यात.

३. प्रश्न तोंडाने विचारण्याचा सराव करावा. "तू फार थकलेला दिसतोस. इतका ताण असला की काही जणांच्या मनात जीवन संपवण्याचे विचार येतात. तुझ्या मनात तसे येते का?" हे वाक्य वाचायला सोपे, उच्चारायला कठीण आहे. "असले वेडेवाकडे विचार नाहीत ना डोक्यात?" असे विचारले, तर समोरचा 'नाही' म्हणून मोकळा होतो. "देवावर विश्वास ठेव, सर्व ठीक होईल," हे वाक्य खरे असले, तरी घाईने उच्चारले तर त्याने संभाषण संपते. आधी ऐकावे, मग त्या व्यक्तीची इच्छा असल्यास सोबत प्रार्थना करावी.

४. पुढचे दार ठाऊक असावे. जवळचे मानसोपचारतज्ज्ञ कोण, सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी चालतो, रात्री कोठे जावे, ही माहिती आधीच जमवलेली हवी. धोका तातडीचा वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, धोकादायक वस्तू तिच्यापासून दूर कराव्यात आणि रुग्णालयापर्यंत सोबत जावे.

५. पाठपुरावा करावा. दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने भेट, महिन्याने पुन्हा चौकशी. हे कोण करणार, हे नावानिशी ठरलेले असावे.

६. प्रशिक्षण पुन्हा घ्यावे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील शिक्षणसंस्थांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा असे प्रशिक्षण द्यावे, असे सांगितले आहे. आपल्या शाळांना ते लागू आहेच. धर्मग्रामांनीही तोच नियम स्वखुशीने स्वीकारावा.

७. द्वारपालांचीही काळजी घ्यावी. ज्यांनी अलीकडेच जिवलग गमावला आहे, त्यांच्यावर ही जबाबदारी टाकू नये. बाकीच्यांनीही वरचेवर एकत्र बसून आपल्या मनावरचा भार हलका करावा.

धर्मगुरूंसाठी एक विशेष बाब आहे. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले गुपित कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही. त्यामुळे तेथे कोणी असे विचार बोलून दाखवले, तर धर्मगुरूंनी त्या व्यक्तीला संस्काराबाहेर पुन्हा भेटून बोलण्याची प्रेमाने गळ घालावी आणि मदतीची ठिकाणे तेथेच सांगावीत.

थोडक्यात, प्रशिक्षणाने मदतीचा हात पुढे येतो. परंतु तो आधीच कोणाच्या तरी खांद्यावर असेल, त्याला सराव असेल आणि त्याच्या मागे आणखी हात असतील, तर. एका रविवारच्या कार्यशाळेने काम संपत नाही, सुरू होते. पुढच्या कार्यशाळेच्या समारोपात आभार मानण्यापूर्वी एवढे दोनच प्रश्न विचारावेत : आपल्या धर्मग्रामात सध्या कोण एकटे पडले आहे? आणि या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाणार?

हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात जीवन संपवण्याचे विचार येत असतील, तर कृपया आजच विश्वासातल्या एका व्यक्तीला तसे स्पष्ट शब्दांत सांगावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा असल्यास ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. मदत मागणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. एलियानेही देवदूताने आणलेली भाकर खाल्ली आणि मगच तो पुढच्या वाटेला लागला.